सूप वाजलं

डंडीतला माझा पत्ता: दोन, तिरकी रेघ, एक.
म्हणजे दुसरा मजला, पहिलं दार.
भागाकार केला तर उत्तर दोन येतं,
घरात मात्र मी एकटी.
खाली गिलक्रिस्टबाबा, पादांकाएवढे बारीक,
खोकला तेवढा ठळक.
डोक्यावर कुणी पोरगा घातांक होऊन राहतो,
रात्री दीडला कपाट सरकवतो.

नोकरीही अशीच, वरखालची.
एका दिवंगत प्राध्यापकाच्या चौदा वह्या
वेबपानांवर चढवायच्या.
त्यांचं अक्षर टे नदीवरच्या धुक्यातल्या पुलासारखं,
आहे हे माहीत असतं म्हणून दिसतं.

पहिल्या तीन वह्या मी उरकल्या. उरकल्या हाच शब्द.
आकडा धाकटा केला, चिमटीत धरून जरा वर उचलला
आणि दिला तसाच टांगून.
दिसायला झकास.
डग्लस, आमचा साहेब, म्हणाला, सुरेख.

मग एका मंगळवारी इशबेल आली,
दुसऱ्या वर्षाची. पांढरी काठी टेबलाला टेकवली,
काही न बोलता हेडफोन माझ्या कानांना लावला.
यंत्र माझंच पान वाचत होतं:
दोनशे दहा.

"दोनशे दहा वस्तू, दर खेपेला निम्म्या टाकायच्या,
दहा खेपांत एक उरते, असं लिहिलंय," इशबेल म्हणाली.
"मी पहिल्याच खेपेला एकशे पाचवर आले.
दुसरीला एक वस्तू मधोमध कापावी लागली.
रात्रभर वाटलं, मीच ढ."

दोनाचा दहावा घात होता तो. एक हजार चोवीस.
आठशे चौदा वस्तू मी उंचावरून पाडल्या होत्या
आणि आवाजसुद्धा झाला नव्हता.

इस्लामपूरच्या शाळेत तांबोळी सर,
घातांक घसरून पायाच्या ओळीत आला की
डस्टर आपटायचे:
"हा घात नाही, हा विश्वासघात!"
आम्ही हसायचो. खडूची धूळ त्यांच्या मिशीवर.

खरं तर मला हे कुणी शिकवायला नको होतं.
ज्या लिपीत हात वळला
तिथे एकच र डोक्यावर बसला तर कर्म,
पायाशी आला तर क्रम.
पाटीवर गिरवलेलं. विसरले कशी?

आता पहिल्या वहीपासून पुन्हा.
वर न्यायच्या खुणेचं नाव इंग्रजीत तीन अक्षरी,
माझ्या तोंडात त्याचं सूप होतं.
सूप उघडायचं, दाणा ठेवायचा,
तिरकी रेघ मारायची. सूप वाजलं.
खाली न्यायची खूण वेगळी,
तिला अजून लाडाचं नाव सुचलेलं नाही.

गुरुवारी एक सूप वाजवायचं राहून गेलं
आणि तिथून पुढचं अख्खं पान,
सिद्धता, तळटीप, प्राध्यापकांची मृत्यूची तारीख,
मुंगीएवढं होऊन छताला चिकटलं.
डग्लस कुरकुरतो, ओळी फाकल्यात.
फाकू देत.
कुणी वर चढून बसलं
की शेजारणीला सरकावं लागतंच.

अकराव्या वहीत एक्सच्या पायाशी
काहीतरी गोल आहे.
शून्य, की चहाचा थेंब?
मी पान मोठं केलं, अजून मोठं केलं,
थेंब तळ्याएवढा झाला, कळलं काही नाही.
इशबेलला विचारलं.
"मला विचारतेस?" ती इतकी हसली
की काठी घरंगळली.
"शंका असेल तर शंका लिही ना.
मला तीही ऐकायचीय."

म्हणून पायाशी शून्य ठेवलं, नीट, खुणेत गुंडाळून,
आणि शेजारी, सरळ ओळीत, पूर्ण आकारात:
बहुधा.

दीड वाजला.
कपाट सरकतंय.